उन्हातली हळद

आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नाला कोणी आलं नाही तर चालतं, हळदीला आलं नाही तर पुढच्या लग्नापर्यंत अबोला. आम्ही बौद्ध, लग्न विहारात, पांढऱ्या साडीत, तासाभरात उरकतं. मुहूर्त, पत्रिका वगैरे आजोबांच्या पिढीनेच सोडून दिलं. हळद सोडायला मात्र कोणी तयार झालं नाही. भिवंडीच्या टेमघरात, आमच्या गल्लीत हळदीचा डीजे लागला की पाठीमागच्या पॉवरलूमचा खडखडाटसुद्धा ऐकू येत नाही. भिवंडीचा लूम ज्याने ऐकलाय त्याला कळेल मी काय म्हणते ते.

माझ्या धाकट्या बहिणीची हळद मात्र दुपारी चारला ठरली, लख्ख उन्हात. तो जानेवारी तिसऱ्या लाटेचा होता. विषाणूचा नवा अवतार आला होता, रात्रीची संचारबंदी होती आणि लग्नाला पन्नासच माणसं असा हुकूम होता. राहनाळच्या आत्याला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "उन्हात हळद लावतात का वाळत घालतात गं?"

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आई गेल्यापासून आमच्या घरात शेवटचा शब्द कोणाचा, यावरून तिची आणि माझी जुंपलेली असते. मी एका गोडाऊनमध्ये डिस्पॅचला बसते, दिवसभर ट्रकवाल्यांशी भांडते, त्यामुळे मला भांडणाचा कंटाळा नाही. "या जिभंपायी तुझं लगीन जमत न्हाय," असं ती चारचौघांत म्हणते. जीभ आत्यावर गेली आहे, असं मीही चारचौघांतच म्हणते.

आई आदल्या लाटेत गेली. बाबांच्या तेव्हा दोन्ही सुया झाल्या होत्या, आईचीही पाळी आली होती. ती म्हणाली, "धाकटीचा साखरपुडा होऊ दे, मग घेते. सुईने ताप आला तर पाहुण्यांचं कोण बघणार?" साखरपुडा झालाच नाही. गल्लीच्या तोंडाशी अँब्युलन्स उभी होती, बहीण आईचा हात धरून तिथपर्यंत गेली, पुढे तिला कोणी जाऊ दिलं नाही. नंतर कित्येक महिने ती एकच सांगायची, "ताई, आईचा हात तव्यासारखा तापला होता गं." आईचं शेवटचं म्हणून आमच्या हाती एवढंच आलं.

म्हणून 'लग्न होऊ दे, मग बघू' हे वाक्य माझ्यासमोर कोणी काढलं की माझं डोकं फिरतं.

बाबांचं अर्धं आयुष्य लूमवर गेलं. कापसाची धूळ छातीत बसलेली, थंडीत दम लागतो, वर साखर आहेच. लूम बंद पडला तेव्हा वळ गावातल्या एका गोडाऊनच्या गेटवर त्यांना वॉचमनची ड्युटी मिळाली आणि करोनात त्यांच्या हाती तापाची गन आली. बाबा साधे गृहस्थ, पण गन हातात आली की त्यांचा रुबाब फौजदाराचा. मॅनेजर असो की हमाल, कपाळ पुढे केल्याशिवाय आत सोडत नसत. त्यांचा एक नियम होता. थंडीत मोटरसायकलवरून आलेल्या माणसाचं कपाळ गार असतं, हमालाचं घामाने ओलं असतं. अशा कपाळावर गन ताप कमी दाखवते. म्हणून आधी कपाळ कोरडं पुसायचं, जरा थांबायचं, मग गन. "यंत्राला वरचं दिसतंय, आतलं न्हाय," असं ते आम्हाला जेवताना सांगत. आम्ही इतक्या वेळा ऐकलं होतं की बहीण त्यांच्याबरोबरच वाक्य पुरं करायची.

त्या महिन्यात साठीच्या पुढच्या आजारी माणसांना तिसरी सुई सुरू झाली, दुसरीला नऊ महिने झाले की. सरकारने तिला प्रिकॉशन डोस म्हटलं, टीव्हीने बूस्टर म्हटलं आणि आमच्या गल्लीने तिच्यावरून भांडण सुरू केलं. पेपर, मोबाइल, चहाची टपरी, जिथे बघावं तिथे हाच विषय. दोन घेतल्या तरी हा होतोच, मग तिसरी कशाला? नवा सौम्य आहे म्हणतात, मग मास्क कशाला? परदेशात चौथी निघाली म्हणे, मग यांची तिसरी जुनी का? अर्ध्या हळकुंडात पिवळी झालेली मंडळी एकमेकांना विज्ञान शिकवत होती. त्यात मीही होते, खोटं कशाला बोलू!

रविवारी वंदना झाल्यावर विहाराच्या अंगणात आमच्या हळदीचीच सभा भरली. पन्नास माणसं कोणती, हा पहिला प्रश्न. तो सुटेना म्हणून सगळे सुईकडे वळले. बँकेत असलेल्या एका काकांनी मास्क हनुवटीवर उतरवून मास्कचं महत्त्व सांगितलं. दुसरे म्हणाले, "आता हा नुसता सर्दी-पडसं आहे. सुई घेऊन बाप लग्नात आडवा पडला तर?" पाठच्या लूमचे उत्तर प्रदेशी चाचा, ज्यांना हळदीचं आमंत्रण दरवेळी पहिलं जातं, तेही कट्ट्यावर बसले होते. ते हसत म्हणाले, "अरे बेटी, ये तो मोबाइल का रिचार्ज हो गया. हर नौ महीने में व्हॅलिडिटी खतम!"

सगळे हसले. मलाही हसू आलं, पण तोंडातून निघून गेलं, "चाचा, रिचार्ज खतम हुआ तो सिर्फ फोन बंद पडता है."

मग कोणी हसलं नाही. आईच्या वेळी अँब्युलन्सला रस्ता करून द्यायला हेच चाचा पुढे धावले होते. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "सही बात है. ले जाओ अपने बाबा को."

बाबांच्या दुसऱ्या सुईला नऊ महिने नेमके हळदीच्या आदल्या दिवशी भरत होते. आत्या मुक्कामाला येऊन दाखल झाली होती. ती म्हणाली, "दोन दिस कळ काढ. लगीन होऊ दे, मंग टोच काय टोचायचं ते." झालं, तेच वाक्य. मी बाबांना गाडीवर मागे बसवलं आणि पालिकेच्या शाळेतल्या केंद्रावर नेलं. बाबांनी वाटेत एवढंच विचारलं, "आतेशी भांडून आलीस ना?" मी हो म्हटलं. तिथल्या सिस्टर सरळ बोलणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अंगात तयारी व्हायला दोनेक आठवडे लागतात. उद्याच्या हळदीसाठी घेत असाल तर उपयोग नाही, मास्कच लावा. आणि उद्या ताप आला तर घाबरू नका."

मी म्हटलं, चालेल. घरी आल्यावर आत्याला हे कळलं आणि ती रात्रीच्या भाकऱ्या थापताना प्रत्येक भाकरीमागे एकदा म्हणाली, "उपेग न्हाय तर टोचली कशाला?"  खरं उत्तर एवढंच होतं की 'मग बघू' मला पुन्हा ऐकायचं नव्हतं. ते आत्याला सांगितलं असतं तर ती रडली असती आणि भाकऱ्या करपल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी अंगणात मांडव घातला, खुर्च्या लांब-लांब ठेवल्या, डीजेऐवजी एक स्पीकर आणला. बाबांनी साहेबांना विचारून गेटवरची गन दोन दिवसांसाठी आणली होती. नवा शर्ट, तोंडावर मास्क, हातात गन. मांडवाच्या दाराशी ते असे उभे होते की आहेर कोणी देवो न देवो, कपाळ दिल्याशिवाय आत पाऊल नाही. पाहुणे हसत होते, कपाळ पुढे करत होते. उन्हातली हळद लोकांना आवडायला लागली होती. फोटो चांगले येतात, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

बहीण अजून पाटावर बसायची होती. मी हळदीची वाटी शोधत बाहेर आले आणि बाबांकडे लक्ष गेलं. त्यांच्या कपाळावर हळद होती, ओली, चांगली जाडजूड लिंपलेली.

नवरीच्या आधी बापाला हळद लागलेली मी तरी कधी बघितली नव्हती. विचारलं, "कोणी लावली?"

"आतेनं," बाबा म्हणाले.

आत्या माझ्या पाठीमागेच होती. "मी कुठं लावली? वाटी तर मीच शोधते हाय."

बाबांनी नजर चुकवली. मी त्यांच्या हातातली गन घेतली आणि त्यांच्याच कपाळावर धरली. जो आकडा आला तो फ्रीजमधल्या भेंडीचा असावा. मग मी त्यांचाच नियम त्यांना सांगितला. "कपाळ पुसा, बाबा."

"राहू दे गं. शुभ असतंय."

मी ओढणीने पुसलं. जरा थांबले. तेवढ्या वेळात बाबा गेटवर अडकलेल्या हमालासारखे इकडे-तिकडे बघत राहिले. मग गन धरली आणि ती कोकलली, लाल दिवा लावून. त्यांचं कपाळ माझ्या बोटांनाही चटका देत होतं.

मी त्यांना हाताला धरून घराच्या मागच्या पायरीवर नेलं आणि हात सोडून लांब उभी राहिले. बाबा खाली बसले. सकाळपासून अंग मोडून आलं होतं, पण त्यांनी ताकाला तूर लागू दिली नव्हती. "सुईचा असंल," ते म्हणाले.

"मग लपवलात कशाला?"

त्यांनी मास्क नाकावर घट्ट केला. मग म्हणाले, "शिफ्टच्या जोडीदाराचा फोन आला व्हता सकाळी. त्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय."

 हा माणूस दुसऱ्यांची कपाळं तपासत दाराशी उभा होता आणि स्वतःचं हळदीखाली लपवत होता. मी ओरडले. काय ओरडले ते आता आठवत नाही, पण स्पीकर बंद झाला, म्हणजे बरंच ओरडले असणार. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मी मास्क काढला न्हाय. कोणाला हात लावला न्हाय. हळदीचं पयलं बोट फकस्त मी लावनार व्हतो आन खोलीत जाऊन बसनार व्हतो. तुझी आय असती तर पयलं बोट तिचंच असतं. तिच्या जागी कोणी तरी पायजे ना?"

मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि त्याच वेळी त्यांना पोटाशी धरावंसं वाटत होतं. धरता येत नव्हतं. मी म्हटलं, "खोलीत जा. दार लावून घ्या." ते उठले आणि मुकाट्याने गेले.

मांडवात बातमी पोचायला वेळ लागला नाही. मग विहारातली सभा इथे पुन्हा भरली, फक्त जास्त जोरात. कालपर्यंत 'करोना-बिरोना काही नाही' म्हणणारे सगळ्यात आधी चपला शोधत होते. मास्कचं महत्त्व सांगणारे काका खरोखरच मास्क नाकावर चढवून निघाले. कोणी म्हणे सुईचा ताप, कोणी म्हणे करोनाचाच ताप, कोणी म्हणे सुईतूनच तो आत गेला. आत्या मांडवाच्या मध्ये उभी राहून सगळ्यांना सांगत होती, "सुईचाच हाय. मी बोलले व्हते. ही पोरगी माझं ऐकत न्हाय." मी म्हटलं, "आत्या, तुझं खरं निघू दे, मी तुझे पाय धरीन." ती माझ्याकडे बघतच राहिली. मी असं कधी बोलत नाही.

बाबांना मी गाडीवरून लॅबमध्ये नेलं, आम्ही दोघं मास्क लावून. नाकातला स्वॅब घेतला. रिपोर्ट सकाळी मोबाइलवर येईल म्हणाले. लग्न अकराला होतं. मुलाकडच्यांना मी स्वतः फोन केला. ते भले लोक. म्हणाले, रिपोर्ट येऊ द्या, पन्नासातले पंचवीस केले तरी लग्न होईल, बाबांना जपा. मला लग्नाची एवढी काळजी नव्हतीच. लग्न पुढे ढकलता येतं. बाबांची ती छाती माझ्या डोळ्यांपुढे होती, ज्यात धुळीनंच जागा ठेवली नव्हती. आईची राहून गेलेली सुई आणि बाबांची उशिराची सुई, दोन्ही आठवून मी स्कूटर चालवत होते. एकही खड्डा चुकवला नाही.

परत आलो तेव्हा मांडवात घरचीच माणसं उरली होती. भिजवलेली हळद तशीच ठेवायची नाही, असं आत्याचं मत, म्हणून हळद लागत होती. बहीण पाटावर बसली होती, हात पिवळे, पाय पिवळे, कपाळ पिवळं. उजवा गाल मात्र तिने तळव्याने झाकून धरला होता. आत्या म्हणत होती, "हात काढ गं, असा अर्धा चेहरा ठेवतात का?"

"इथे कोणी लावायची नाही," बहीण म्हणाली. "पहिलं बोट ज्याचं, तोच लावेल."

"पयलं बोट मगाशीच लागलं ना?"

"ते हातापायाचं. गालाचं राहिलंय."

आमच्या घरात जीभ फक्त माझ्याकडेच आहे, हा आत्याचा समज त्या दिवशी गेला. बाबा खोलीच्या खिडकीशी उभे होते. गजाआडून त्यांनी बघितलं आणि खिडकी लोटून घेतली. बहीण तशीच झोपली, पाठीवर, गाल वर करून, उशीला हळद लागेल म्हणून कोणी बोललं नाही.

सकाळी मी मोरीत पाणी भरत होते तेव्हा मोबाइल वाजला. हात ओले होते. ओढणीला पुसले तरी ती रिपोर्टची फाइल उघडेना. बोट लागेल तिथे भलतंच काहीतरी उघडत होतं. शेवटी बहिणीने माझ्या हातातून मोबाइल घेतला. तिचे डोळे खाली-खाली सरकत गेले.

"निगेटिव्ह," ती म्हणाली.

मी उलट्या बादलीवर बसले. मी हसत होते की रडत होते, मला माहीत नाही; आत्या म्हणते दोन्ही. बहिणीने खोलीच्या दारावर थाप मारून बाबांना आत ओरडून सांगितलं. मग पुन्हा एकदा, मग पाठच्या लूमलाही ऐकू जाईल असं. चाचा खिडकीतून ओरडले, "क्या आया?" आणि आम्ही सांगितल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आत्या कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभी राहिली. "म्हंजे सुईचाच ताप. काल मी काय बोलले व्हते?"

"तू जिंकलीस, आत्या," मी म्हटलं, आणि कबूल केल्याप्रमाणे खरंच तिचे पाय धरले. ती घाबरून मागे सरली. वाद हरून इतकं बरं मला आजवर कधी वाटलं नव्हतं.  डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, जोडीदाराच्या जवळ होते, तेव्हा अजून मास्क ठेवा, गर्दीपासून लांब बसवा, चार दिवसांनी पुन्हा तपासा. ते सगळं आम्ही केलं, आणि दुसरा रिपोर्टही तसाच आला. पण त्या सकाळी आम्हाला पहिलाच पुरेसा होता.

बाबा आंघोळ करून बाहेर आले. ताप उतरला होता, चेहरा ताजा झालेला मास्कमागूनही कळत होता. ते सरळ माझ्याकडे आले, थोडे अंतरावर थांबले. रुमालाने कपाळ कोरडं पुसलं, जरा वेळ थांबले, गन माझ्या हातात दिली आणि कपाळ पुढे केलं, जसं इतकी माणसं त्यांच्यापुढे करत आली होती. मी गन धरली. ती काहीच बोलली नाही, नुसता हिरवा दिवा लागला.

"लावू?" त्यांनी मला विचारलं.

मी मान हलवली.

अंगणात ऊन आलं होतं. बहीण पाटावर बसली. कालची हळद तिच्या चेहऱ्यावर सुकून तडकली होती, उजवा गाल तेवढा कोरा होता. आत्याने नव्याने कालवलेली वाटी पुढे केली. बाबांनी साबणाने हात धुतले, वाटीत बोट बुडवलं आणि तिच्या गालावर टेकवलं. बहिणीने डोळे मिटले. बाबा बोट काढायला लागले तसा तिने त्यांचा सबंध हातच धरला आणि हळदीसकट गालावर दाबून ठेवला.  मग डोळे उघडून तिने माझ्याकडे बघितलं.

"ताई," ती म्हणाली, "बाबांचा हात गार आहे गं."